चार भाषांतला राग

दुपारी जेवून आडवी होते. पंखा फिरतोय, मिटल्या डोळ्यांआड त्याची सावली फिरतेय. झोप लागली की नाही कळत नाही, तोवर हेरंब पलंगाच्या कडेला येऊन बसलेला असतो. माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन सात महिने झाले. मी दचकत नाही. तेव्हा रडलेही नव्हते. लोक म्हणाले, मोठी धीराची! धीर कसला, आत काही हलतच नाही.

"ताई, पाणी दे ना."

मी तांब्या देते. तो घटाघटा पितो. शेवटच्या दोन दिवसांत पेला नुसता दिसला तरी त्याचा घसा आवळायचा. मी बघत राहते.

आता पलंग नाही, त्याच्या स्पॅनिशच्या क्लासातला बाक आहे. फळ्यावर तो लिहितो, रेबीज.

"लॅटिन शब्द. अर्थ सांग."

"कुत्रं चावल्यावर होतो तो."

"त्याआधी नुसता संताप! स्पॅनिशमध्ये राबिया, इटालियनमध्ये राब्बिया, पोर्तुगीजमध्ये रायवा. राग आला तरी तेच, हा रोग झाला तरी तेच. इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला, त्यांचा झाला रेज. गंमत आहे की नाही?"

शिकवायला लागला की याला कशाचं भान राहत नाही.

बाक दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवरचा दवाखाना.

"तू माझ्यावर रागावलायस का रे?" सात महिने हेच विचारायचं होतं. "तू म्हणालास काटा लागला, आणि मी पोटरीला हळद लावून मोकळी झाले."

"छे गं. एवढंसं तर पिल्लू होतं. तुला सांगितलं असतं तर ओरडली असतीस."

"म्हणून सांगितलं नाहीस?"

"इंजेक्शनांना हेलपाटे घालायचे म्हणजे क्लास बुडाले असते, ताई." तो हसतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"अरे मेल्या! चार भाषांत ठाऊक होतं तुला! आणि मला मराठीत एकदा सांगवलं नाही, कुत्रं चावलं म्हणून?"

मनगट दुखतं म्हणून जाग येते. त्यावर दातांचे ठसे आहेत, एका जागी रक्त आलंय. खालच्या ओळीत एक फट आहे. माझा तो दात गेल्या वर्षी काढलाय.

मोरीत जाऊन नळ सोडते. कुत्रं चावल्यावर धुतात तसं साबण लावून मनगट धुवत बसते, चांगली पंधरा मिनिटं. मग रडू येतं.