सूर्यापर्यंत जाऊन आलेला ड्रायव्हर

डेपोत त्याला सगळे रेडिएटर म्हणत. गाडी तापायच्या आधी हा तापायचा, म्हणून. कुणी आडवं आलं, कुणी चुकीच्या बाजूने चढलं, कुणी सुट्ट्यावरून कंडक्टरशी हुज्जत घातली, की याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत. गाडी मात्र एकतीस वर्षं अशी चालवली, की मागच्या बाकावर झोपलेलं तान्हं मूल कधी दचकून उठलं नाही.

तो रिटायर झाला त्या दिवशी डेपोच्या कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. डेपोचे साहेब बोलायला उभे राहिले. यांनी आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकलेल्या, पण जिभेवर साखर. "आपल्या या सहकाऱ्याने इतकी गाडी चालवली," साहेब म्हणाले, "इतकी चालवली, की एव्हाना ते सूर्यापर्यंत जाऊन परत आले असते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. हातात शिल्ड आलं, त्यावरही तेच कोरलेलं: सूर्यापर्यंत जाऊन आलेला सारथी.

गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. शिल्ड बाहेरच्या खोलीत, दार उघडताच दिसेल असं लावलं. न्हाव्याला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं, व्याह्यांना तर फोन करून सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, पुरे आता. सूर्य ऐकेल."

सुट्टीच्या दिवशी मुलगी आली. ती शाळेत गणित शिकवायची. शिल्ड वाचलं आणि तिने ओठ दाबला.

"हसलीस का?"

"काही नाही, बाबा."

"काही नाही कसं? बोल."

"तुमची गाडी सगळी मिळून किती किलोमीटर झाली असेल?"

"बावीस लाख. एक कमी नाही."

"आणि सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे."

"मग? लाख झाले, कोटी झाले. जवळपास आलोच की!"

मुलगी त्याच्यासमोर बसली. "बाबा, असं बघा. तुमची गाडी ताशी साठने निघाली. थांबा नाही, सिग्नल नाही, डिझेल भरायचं नाही, रात्रंदिवस नुसती पळतेय. तरी सूर्याशी पोचायला पावणेतीनशे वर्षांच्या वर लागतील. म्हणजे तुमच्या पणजोबांच्याही पणजोबांनी गाडी काढली असती, स्टिअरिंगवरच म्हातारे होऊन गेले असते, मग त्यांचा मुलगा बसला असता, मग त्याचा मुलगा. तुम्ही बसलात, तुमच्यानंतर मी बसले, तरी सूर्य आलाच असता असं नाही."

त्याने एकदा शिल्डकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "आणि मी? मी कुठवर गेलो?"

"डेपोतून निघालात आणि तुमचा शेवटचा थांबा म्हणजे सूर्य धरला, तर..." ती घुटमळली. "तर तुम्ही अजून पहिल्या सिग्नललाच आहात."

तळपायाची आग मस्तकात गेली. "शिकून सवरून बापाची उतरवतेस?"

"तिच्यावर काय डाफरता?" आतून बायको कडाडली. "थाप काय तिने मारली?"

ते खरंच होतं. तो जेवला, पण डोक्यात तेच. एकतीस वर्षं, आणि पहिला सिग्नल! हात धुऊन आला तेव्हा टेबलावर ऊन पडलं होतं. त्याने दोन्ही हात त्यात शेजारी शेजारी ठेवले. डावा गव्हाळ. उजवा, खिडकीकडचा, कोळपलेला, कोपरापर्यंत काळा पडून चामड्यासारखा झालेला. उजव्या डोळ्यात मांस वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाने होतं हे.

"एवढ्या लांबून?" त्याने मुलीला विचारलं.

"एवढ्या लांबून. तिकडून निघालेलं ऊन आठ मिनिटांत इथे पोचतं."

आठ मिनिटं. पहिल्या थांब्यावर गाडी भरेपर्यंत तेवढी जात. जिथवर त्याच्या सात पिढ्या पोचल्या नसत्या, तिथून निघून ते ऊन त्याच्या हातावर येऊन बसत होतं, रोज. आणि अडवायला काय लागलं असतं? वीतभर कापड. किती वेळा मागितलं त्याने! ड्रायव्हरच्या खिडकीला पडदा द्या. उत्तर ठरलेलं: नियमात बसत नाही. एकदा घरचा टॉवेल लावला, तर मेमो मिळाला. मेमोवर सही याच साहेबांची.

दुसऱ्या दिवशी तो शिल्ड काखेत मारून साहेबांच्या टेबलाशी उभा.

"हे खोटं आहे."

साहेब हसले. "अहो, कौतुकाने म्हटलं. अलंकार असतो तो भाषेतला."

"अलंकार तुम्हीच घाला. मला सूर्यापर्यंत पाठवलंत आणि सावली मागितली तर मेमो दिलात. हा हात बघा. हा डोळा बघा!"

"तुम्ही रिटायर झालात ना? मग आता तुम्हाला काय त्याचं?"

हे वाक्य साहेबांनी बोलायला नको होतं. त्याने शिल्ड टेबलावर आपटलं आणि तडक आवारात आला. बाराच्या गाड्या सुटायच्या बेतात होत्या. त्याची जुनी गाडी आता एका बाईकडे होती, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. त्याने काही न बोलता बाही वर केली. ती बघत राहिली. मग तिनेही आपली बाही सारली. बांगडीच्या वर सावळी रेघ उमटायला लागली होती.

"काका, मलाही नियमात बसत नाही म्हणाले."

तिने चावी काढून खिशात टाकली. मागच्या गाडीवाल्याने विचारलं काय झालं, आणि त्यानेही काढली. बघता बघता रांग थांबली. प्रवासी ओरडू लागले, तसा हाही त्यांच्यावर ओरडला, "तुम्ही सावलीत बसता ना? मग जरा दम धरा!" साहेब धावत खाली आले. नियम सांगून झाले, दटावून झालं, समजावून झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मेकॅनिकने सीटचं उरलेलं कापड काढलं, तारेत ओवलं, आणि एकेका ड्रायव्हरची खिडकी झाकत गाड्या बाहेर पडल्या.

साहेबांनी माफी काही मागितली नाही. पुढे नव्या गाड्यांना काळ्या काचा आल्या. जुन्यांना तेच सीटचं कापड, तेही विटलेलं. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिसतं बरं, पण उन्हात पाणी येतं.

राग गेलेला नाही. अजूनही बाजाराला जाताना बसमध्ये चढला, की आधी ड्रायव्हरच्या खिडकीकडे बघतो. कापडही नसेल, काळी काचही नसेल, तर पायरीवरच उभा राहतो. गाडी हलू देत नाही, स्वतः उतरत नाही. मागचे लोक शिव्या घालतात. तोही घालतो, त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात.