नको म्हटलेली बंदूक

डोरीनबाईंचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. माझ्या हाताची बोटं आज जागेवर आहेत आणि या देशात मी मान वर करून कामाला जाते, ते त्यांच्यामुळं. 'बाई' मी लावते. त्यांना सगळे नुसतं डोरीन म्हणतात, त्यांची नातवंडंसुद्धा. मला साठीपुढच्या बाईला तशी हाक मारवत नाही. आम्ही राहतो त्या अल्फारेटा गावाच्या बाहेर, हायवे सोडून आत गेलं की एक शूटिंग रेंज आहे, तिथं त्या लोकांना बंदूक चालवायला शिकवायच्या. बंदूक शिकवणाऱ्या बाईनंच मला बंदुकीपासून सोडवलं हे फोनवर सांगून बार्शीत कुणाला पटायचं नाही, म्हणून लिहून काढते. आणि आपल्यासारख्या इकडं आलेल्या बायकांनीही वाचावं.

आम्ही बार्शी सोडली दोन हजार चार साली. वन्संनी, म्हणजे आमच्या ह्यांच्या मोठ्या बहिणीनं, आमचे इकडं यायचे कागद केले होते. ते इतक्या वर्षांनी उगवले की आम्ही विसरूनसुद्धा गेलो होतो. मुंबईला जायला जीप दारात उभी होती आणि आप्पा, माझे वडील, जीपच्या दारात उभं राहून ह्यांच्या कोटाचं बटण शिवत होते. आप्पांचं शिंपीकामाचं दुकान. ह्यांना तिकडं थंडी वाजेल म्हणून जाड सुटिंगचा कोट त्यांनीच शिवला होता आणि बटण ढिलं राहिलंय हे त्यांना अगदी निघताना दिसलं. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आप्पा दातानं दोरा तोडतायत. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिथं सगळ्यांचं ऐकून राहा गं. उलट बोलू नको."

लग्न होऊन निघाले तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं. आठवीत मला शाळेतून काढलं, दुकानात काजं-बटणं करायला हात हवा होता म्हणून, तेव्हाही हेच.

इकडं आल्यावर ह्यांना वेअरहाऊसमध्ये काम लागलं. मला कोण देणार? आठवी नापाससुद्धा नाही, आठवी अर्धवट. वन्संच्या ओळखीचे विलासकाका होते, मूळचे नागपूरचे, त्यांचा गॅस स्टेशनचा, म्हणजे पेट्रोल पंपावरचा, स्टोअर. त्यांनी मला रजिस्टरवर, म्हणजे गल्ल्याच्या मशीनवर, उभं केलं. इंग्रजी येत नव्हतं तर म्हणाले, "अगं, आकडे वाचता येतात ना? मग झालं! गिऱ्हाईकाकडं बघून हसायचं, बाकी मशीन बोलते." त्यांचे उपकार मी नाकारत नाही. सिगारेटच्या ब्रँडची नावं मी पाकिटांच्या रंगांवरून पाठ केली, लॉटरीची तिकिटं द्यायला शिकले. दुकानाचा वास वेगळा, पण काउंटरमागं उभं राहायची सवय लहानपणापासूनचीच. महिन्याभरात मला तिथं बरं वाटायला लागलं. खरं सांगायचं तर आम्ही राहायचो त्या वन्संच्या बेसमेंटपेक्षा, तळघरापेक्षा, बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात, भर दुपारी, टोपी पुढं ओढलेला एक माणूस आत आला. त्यानं चिप्सचं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी पिस्तूल ठेवलं. हातात धरलं नाही, नुसतं ठेवलं, आपण पाकीट ठेवतो तसं. मी रजिस्टर उघडून नोटा दिल्या. तो गेला, चिप्स इथंच विसरला. मग मी तिथंच फरशीवर बसले.

पोलीस आले, गेले. विलासकाका आले. माझी विचारपूस केली, पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी एक काळी पेटी घेऊन आले. आत रिव्हॉल्व्हर.

"हे पाहा, आता सगळ्या स्टाफला ट्रेनिंग कंपल्सरी. मी रेंजवर पैसे भरून टाकले. सर्टिफिकेट आलं की हे काउंटरखाली राहील. तोवर गोळ्या माझ्याकडं."

"काका, मला नको."

"नको काय नको! घाबरून कशाला राहिली? अगं, इथून अर्ध्या तासावर गाव आहे, तिथं घरटी एक बंदूक ठेवायचा कायदाच आहे. म्हाताऱ्या बायका चालवतात!"

"मला नाही जमायचं, काका. मी काउंटर सोडून काहीही करते. बाथरूम धुते."

"बाथरूम तर तू तशीही धुतेस," काका म्हणाले. "ट्रेनिंग नाही तर शिफ्ट नाही. माझ्या जिवाला घोर नको यार."

मला नोकरी हवी होती आणि बंदूक नको होती. एवढंच होतं माझं. पण हे दोन तुकडे वेगळे आहेत हे कुणाला दिसेना. मी मराठीत सांगितलं, दुकानात दुसऱ्या शिफ्टला येणाऱ्या मुलीला हिंदीत सांगितलं, घरी रडून सांगितलं. हे म्हणाले, "जा की, दोन गोळ्या मारून ये. झालं." वन्सं म्हणाल्या, "काकांनी एवढं केलं तुझ्यासाठी, आता त्यांना तोंडघशी पाडू नकोस."

नवरात्रात वन्संकडं पॉटलक होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण. पुरुषमाणसं मागच्या डेकवर, लाकडी ओट्यावर, प्लेटी घेऊन उभी. वन्संचे मिस्टर, त्यांना मी भाऊजी म्हणते, मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्यांचा विषय ठरलेला: आपल्या देशात काय चुकलं.

"भारतात दोन वर्षं मिलिटरी सर्व्हिस कंपल्सरी करायला पाहिजे. प्रत्येकाला. रायफल हातात द्या, बघा कशी शिस्त लागते. लोक लाइनीत उभे राहतील!"

"हंड्रेड परसेंट," एक पुण्याचे गृहस्थ म्हणाले. "मुलींनाही."

"तुम्ही कधी चालवलीत का हो, भाऊजी?" मी विचारलं. मी पुऱ्यांचं ताट घेऊन गेले होते. मला खरंच विचारायचं होतं. कशी लागते हाताला, हादरा किती बसतो.

सगळे हसले. भाऊजी म्हणाले, "आमचं वय गेलं गं. एनसीसीसुद्धा मी बुडवायचो. पण प्रिन्सिपल म्हणून सांगतोय." मग माझ्याकडं बोट करून पाहुण्यांना म्हणाले, "ही बघा, आपली झाशीची राणी! शनिवारी रेंजवर निघालीय."

पुन्हा हसले. त्या डेकवरच्या इतक्या शिकल्यासवरल्या माणसांत, सगळ्यांवर सक्ती करा म्हणणाऱ्यांत, सक्ती झालेली मी एकटी होते, आणि माझ्या हातात पुऱ्यांचं ताट. मला इतकी चीड आली की ताट तिथंच कठड्यावर ठेवलं आणि खाली बेसमेंटमध्ये गेले. 

शुक्रवारी काकांनी पेटी माझ्याकडं दिली, याच बंदुकीवर शीक म्हणून. तो दिवस नेमका खंडेनवमीचा.

आता आप्पांच्या दुकानात खंडेनवमीला काय असायचं ते बार्शीकरांना सांगायला नको. आदल्या दिवशी मशीन पुसायची, तिच्या एकेका भोकात तेल सोडायचं, कात्र्या, गज, इस्त्री पाटावर मांडायची, हळदकुंकू, अक्षता, झेंडू. त्या दिवशी कात्रीला कुणी कापायला लावायचं नाही. घरात हत्यार आहे, नवमी आहे आणि पूजा नाही, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. मला ती चालवायची नव्हती, पण ती माझ्यावर उलटू नये एवढं तरी मागावं असं वाटलं. म्हणून वन्संच्या घरातल्या सुऱ्या, ह्यांचा वेअरहाऊसचा कटर आणि मधोमध ती रिव्हॉल्व्हर असं पाटावर मांडलं. मशीनला सोडतात तसं काडीला कापूस लावून नळीत खोबरेल तेल सोडलं. तोंडाशी कुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या, हात जोडले. सकाळी पुसून पेटीत ठेवली. वरवर पुसली, हे मला नंतर कळलं.

शनिवारी थंडी पडली होती. रेंजवर ह्यांनी सोडलं. वर्गात आम्ही सहासात जण. डोरीनबाई ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा. त्या बोलायला लागल्या ते मला निम्मं कळेना. मग म्हणाल्या, आधी प्रत्येकाचं हत्यार मी तपासणार. माझी रिव्हॉल्व्हर त्यांनी उघडली, उजेडाकडं धरून नळीतून पाहिलं, आणि थांबल्या. एक लांब गज घेऊन पुढून ढोसला. मागून गुलाबी गोळा बाहेर आला. थंडीनं खोबरेल तेल थिजलं होतं, त्यात कुंकू कालवलेलं आणि वर चार तांदूळ.

"हे काय आहे, हनी?"

मी म्हणाले, "प्रेयर. राइस."

वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. एकजण म्हणाला, लंच पण आणलंय हिनं. डोरीनबाई हसल्या नाहीत. मला बाहेर बाकावर घेऊन गेल्या आणि हळूहळू, सोपे शब्द वापरून सांगितलं, की नळी अशी बुजलेली असताना गोळी झाडली तर नळी फुटू शकते, बोटं जाऊ शकतात, डोळा जाऊ शकतो.  त्यांनी माझे हात स्वतःच्या हातात धरले.

"तुला हे शिकायचंय?"

"येस. जॉब."

"जॉबचं नाही विचारलं. तुला शिकायचंय?"

मी म्हणाले, "नो."

"मग झालं," त्या म्हणाल्या. इतकंच. मी वाट पाहत राहिले की आता पुढं 'पण' येईल. नाही आला.

मग त्यांनी थर्मासमधली कॉफी मला दिली आणि सांगितलं, की त्यांचा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना सरकारनं त्याला सक्तीनं व्हिएतनामला नेलं. त्याला नको होतं. त्याच्याही हातात कुणीतरी न विचारताच बंदूक दिली. तो परत आला, पण दारं लावून बसायचा, आणि असाच बसून बसून गेला. "ज्याला हवी त्याला मी नीट शिकवते," त्या म्हणाल्या. "नको म्हणणाऱ्याला शिकवत नाही. माझ्या रेंजवर तरी नाही."

ह्यांची वाट न पाहता त्यांनी मला स्वतःच्या ट्रकमध्ये बसवलं आणि थेट स्टोअरवर आणलं. काका काउंटरवरच होते. डोरीनबाईंनी पेटी त्यांच्यासमोर ठेवली. "हिला मी सर्टिफिकेट देणार नाही. हिच्या हातात ही देऊन काही झालं, तर तुमच्या वकिलासमोर येऊन सांगेन, की ती नको म्हणत होती आणि मी तुम्हाला बजावलं होतं."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "नो नो मॅडम, कंपल्सरी काही नाही. आम्ही फॅमिली आहोत!" मग माझ्याकडं वळून मराठीत, "अगं, एवढं होतं तर आधी सांगायचं नाही का?"

आधी सांगायचं! तीन आठवडे मी दुसरं काय करत होते? त्या क्षणी माझी नोकरी वाचली होती, बंदूक टळली होती, मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात नुसती आग. माझ्याच भाषेतलं, माझ्याच माणसांना सांगितलेलं त्यांच्या कानावरून गेलं, आणि परक्या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं तेव्हा ते लगेच खरं ठरलं. काकांनी रिव्हॉल्व्हर घरी नेली, काउंटरला जाड काच बसवली, मला फक्त दिवसाची शिफ्ट दिली. मी त्यांना थँक्यू म्हणाले. मनापासून म्हणाले, तरी चीड गेली नाही. अजून गेलेली नाही.

बार्शीला फोन केला तर तिथं वेगळीच बातमी पोचलेली. भाऊ म्हणाला, "ताई, बंदूक घेतली म्हणे तुला! फोटो पाठव की, दुकानात लावतो." आप्पांचं पाठीमागून, "नवमीला पूजा केलीस ना?" मी म्हणाले, केली. आणखी काय सांगणार?

आता आम्ही वेगळं अपार्टमेंट घेतलंय. पॉटलकला जातो, भाऊजींचं मिलिटरी सर्व्हिसचं भाषण ऐकतो. लोक विचारतात, घरची आठवण येते का? येते. आप्पांच्या इस्त्रीचा वास येतो झोपेत. पण मी नीट विचार केला आहे. आठवीतून काढू नका असं मी बार्शीतही म्हटलं होतं. उंबऱ्यात बसून म्हटलं होतं. तिथंही कुणी ऐकलं नाही, आणि त्यांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. तेव्हा घर तिकडं राहिलं आणि इकडं परकं, एवढं सरळ ते नाही. त्या रेंजच्या बाहेर एक लाकडी बाक आहे. नको म्हटल्यावर कुणी पुढं 'पण' म्हटलं नाही, अशी माझ्या माहितीतली ती एकच जागा. माझं घर कुठं आहे, ते हल्ली मी त्या बाकापासून मोजते.

डोरीनबाईंनी शिकवणं सोडलंय. इतक्या वर्षांच्या आवाजांनी त्यांचे कान गेलेत. रविवारी मी त्यांच्याकडं जाते, त्या चिवडा खातात, शेंगदाणे बाजूला काढतात. त्यांची मुलगी फ्लोरिडात असते. तिला घर विकून आईला वृद्धाश्रमात ठेवायचंय. ती फोनवर माझ्याशीच बोलते, कारण आईला ऐकू येत नाही. डोरीनबाईंना जायचं नाही. एक दिवस सगळे जमतील, कागद पुढं करतील, आणि त्यांच्या भल्याचं त्यांच्या डोक्यावरून बोलतील. त्या दिवशी मी तिथं असणार. माझं इंग्रजी आता बरं झालंय. त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून मोठ्यानं सांगेन, की या नको म्हणतायत, आणि कुणी 'पण' म्हटलं तर पुन्हा सांगेन.