प्रल्हाद नावाचा सर्व्हर

किस्से घरात ठेवलेल्या कापसासारखे असतात. भाव आला की काढू म्हणत एका कोपऱ्यात टाकत जायचं, आणि एक दिवस बघावं तर झोपायला जागा नाही! आमच्या नांदुऱ्याच्या ऑफिसातले किस्से असेच साठलेत. आज थोडे बाहेर काढतो, नाहीतर अंगाला खाजतात.

ऑफिस म्हणजे मार्केटसमोर माडीवरची एक खोली आणि आम्ही तिघं. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात आयुष्य काढलेले रहीमभाई कापसाचे भाव आणायचे, मी ते टाइप करायचो, आणि प्रल्हादभाऊ भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवरून ते रोज सकाळी गावोगावच्या कृषी केंद्रांना मेल करायचे. सोबत पिकाचा सल्ला.

*

पहिल्याच आठवड्यात वडनेर भोलजीहून एका दुकानदाराचा फोन. "भाऊ, तुमचा मेल तं स्पॅममधी पडून राह्यला!"

रहीमभाईंनी विचारलं, "स्पॅम म्हनजे?"

"कचरा," प्रल्हादभाऊ म्हणाले.

रहीमभाईंनी हातातल्या चिठ्ठीवरचा त्या दिवशीचा भाव पुन्हा एकदा वाचला. "मंग बरोबरच वळखलं बे त्यानं!"

*

दुखणं निघालं रिव्हर्स डीएनएसचं. प्रल्हादभाऊंनी समजावलं. मेल पाठवताना आपण आपलं नाव सांगतो, पण घेणारा त्यावर विसंबत नाही. तो आपल्या सर्व्हरचा नंबर बघतो आणि उलट चौकशी करतो, या नंबराचं नाव काय? उत्तर आलं नाही किंवा नाव जुळलं नाही, की टाक कचऱ्यात. आणि ते उत्तर आपण लिहायचं नसतं. नंबर ज्या कंपनीचा, तिनं लिहायचं.

"हे तं सोयरीक झाली!" रहीमभाई म्हणाले. "पोरगं म्हनते, मी सोनाळ्याचा, बागायत हाय. पोरीवाले हाव हाव म्हनतात, अन् गुपचूप सोनाळ्याले जाऊन इचारतात!"

एवढ्यावर मला रिव्हर्स डीएनएस कायमचं समजलं.

*

आता कंपनीला नाव कळवायचं होतं. मी म्हटलं, 'मेल' ठेवू, सगळे तेच ठेवतात. प्रल्हादभाऊंनी परस्पर स्वतःचंच नाव पाठवून दिलं.

"बंद पडला की शिव्या मलेच खायच्या हायेत. मंग नाव तरी माह्यं असू द्या!"

मेल पोचायला लागले. पण त्यानंतर सर्व्हर अडला की रहीमभाई जिन्यातूनच ओरडायचे, "प्रल्हाद झोपला काय बे?" आणि प्रल्हादभाऊ दारात चहाचा कप घेऊन टक्क जागे!

*

मंदावहिनी म्हणजे प्रल्हादभाऊंच्या मिसेस. घरचं शेत त्याच बघायच्या. बाजाराला आल्या की वर डोकावायच्या. "हे हायेत काय?" नवऱ्याचं नाव त्या कधीच घेत नसत. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा लाजून अर्धंच घेतलं म्हणे!

"वहिनी, एकदा नाव घ्या, सगळ्यायले चहा माह्याकडून!" रहीमभाई दरवेळी म्हणायचे, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या.

एकदा प्रल्हादभाऊंनी त्यांना मेलच्या मागचा सगळा मजकूर उघडून दाखवला. त्यात आमचा नंबर, आणि त्याच्याजवळ इंग्रजी अक्षरांत नाव, प्रल्हाद.

"हे बरं हाय," वहिनी म्हणाल्या. "मले घ्याच लागत नाही. मशीनच घेते!"

तेव्हापासून घरच्या कॉम्प्युटरवर त्या रोज आधी ती ओळ बघायच्या, मग कापसाचा भाव.

*

मग ते बोंडअळीचं साल आलं. बीटी बियाण्याच्या कापसाला अळी लागत नाही, अशी आमची सगळ्यांची समजूत. वहिनींनी शेतातलं एक हिरवं बोंड आणलं आणि आमच्या टेबलावर फोडलं. आत गुलाबी अळी.

"पाकिटावर नाव एक, अन् आत इचारलं तं दुसरंच," त्या म्हणाल्या.

त्याच रविवारी प्रल्हादभाऊंनी फवारणीचा पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. वारं तोंडावर होतं. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, अकोल्याला नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

त्यानंतरही मेल रोज वेळेवर जात राहिला, प्रल्हादच्याच नावानं. माणूस गेला आणि मशीन त्याचं नाव सांगत बसलंय! मला त्या मशीनचा फार राग यायचा.

*

पुढल्या वर्षी कंपनीनं जुनी यंत्रं बंद केली आणि आम्हाला नवा नंबर दिला. या नंबराला कोणतं नाव लिहू, असं विचारलं.

रहीमभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, "'मेल'च लिही आता. मले ते नाव रोज रोज नाही पाहवत."

मलाही पाहवत नव्हतं. लिहून टाकलं. सकाळचा मेल गेला. यादीत मंदावहिनींचा पत्ता तसाच होता.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. दारात मंदावहिनी. प्रल्हादभाऊ गेल्यापासून त्या माडी चढल्या नव्हत्या. रहीमभाई उठून उभे राहिले. "या वहिनी, बसा."

त्या बसल्या नाहीत. "आज त्या नंबराले पाह्यलं तं नुसतं 'मेल' म्हनते," त्या म्हणाल्या. मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, प्रल्हाद काऊन पुसला?"

मी कंपनीला लिहायला घेतलं. रहीमभाई जिना उतरून खाली गेले आणि चार चहा सांगून आले.