नीळकंठ मास्तरांचा मातीचा जिल्हा

नीळकंठ तुळशीराम नारखेडे हे रोहिणखेडपासून चार मैलांवरच्या एका गावात शिक्षक होते. शाळा डिस्ट्रिक्ट कौन्सिलची, चौथीपर्यंतची. कौन्सिलच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे दर वर्षी 'अनट्रेन्ड' असं लिहून येई, आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. त्याचं कारण गावात फक्त त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, पुष्पाबाईंना, ठाऊक होतं.

१९३४ साली मास्तर एकोणतीस वर्षांचे होते. अमरावतीच्या नॉर्मल स्कूलमध्ये दोन वर्षांच्या ट्रेनिंगला जायचं तर वय तिशीच्या आत हवं आणि शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टी साहेबांची शिफारस हवी. मास्तरांना येत्या मार्चमध्ये तिसावं पुरं होत होतं. म्हणजे डिसेंबरची तपासणी ही शेवटची संधी. पुष्पाबाईंनी पत्र्याची पेटी आधीच घासून ठेवली होती.

मास्तरांचे आवडते विषय इतिहास आणि भूगोल. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल शिकवायचा असे, पण शाळेत जिल्ह्याचा नकाशा नव्हता. होता तो हिंदुस्थानचा, घडीवर फाटलेला, आणि त्यात अख्खं वऱ्हाड नखाएवढं. मास्तरांनी दोनदा मागणी केली. दोन्ही वेळा 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. मग दिवाळीनंतर त्यांनी शाळेच्या मागच्या पडवीत मातीचा जिल्हा करायला घेतला.

सात हात लांब, पाच हात रुंद. मधून घाटाची रांग, तिच्याखाली मलकापूरकडचा सपाट मुलूख, वर चिखली-मेहकरचं पठार. नद्या त्यांनी खिळ्यानं कोरल्या. गावांच्या जागी कवड्या रोवल्या: पूर्णेपलीकडे वरवट बकाल, पार खाली दक्षिणेला दुसरबीड. गावचे पाटील उकंडराव एकदा डोकावले.

"मास्तर, शाळेत ढेकळं पेरून राह्यले का?"

"जिल्हा हाय हा, उकंडराव."

"असं? मंग माह्या वावराचं ढेकूळ कोणतं? पोरायले म्हना, त्याच्यावर पाय देऊ नका. गहू हाय त्यात."

या नकाशातली खरी गोष्ट पाण्याची होती. घाटमाथ्यावर तांब्याभर पाणी ओतलं की त्याच्या दोन धारा होत. एक नळगंगेतून पूर्णेला मिळून पश्चिमेच्या समुद्राकडे निघे, दुसरी पैनगंगेतून गोदावरीकडे, पूर्वेला. एकाच तांब्यातलं पाणी दोन समुद्रांना जातं हे पाहायला चौथीची पोरंही पळत येत. ट्रेनिंगच्या अर्जात 'स्वतः तयार केलेले साधन' या रकान्यात मास्तरांनी हेच लिहिलं.

तपासणीच्या सकाळी ते बैलांची दमणी घेऊन साहेबांना आणायला सडकेवर गेले. शाळेत तेव्हा गोजरबाई होती. साठीची विधवा, शाळेचं झाडणं-सारवणं तिच्याकडे. घरी पाहुणा येणार असेल तर जमीन उघडी ठेवायची नाही, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पडवीतली कोरडी, चिरा पडलेली माती तिच्या नजरेला खुपली. तिथं नकाशा होतोय हे तिला ठाऊक होतं. तो पुरा झालाय हे कोणी सांगितलं नव्हतं; सारवायचा राहिलाय असंच तिला वाटलं. तिनं कवड्या एकेक करून उचलल्या, धुतल्या आणि सुपात ठेवल्या. शेणमाती कालवून सगळ्या डोंगरांवरून हात फिरवला. खिळ्याच्या रेघा भरल्या. वरून रांगोळीचं कमळ काढलं.

मास्तर पडवीत आले ते साहेबांबरोबरच.

"हे काय? कोणाची समाधी बांधलीत?" साहेबांनी विचारलं.

"नकाशा आहे, साहेब. जिल्ह्याचा."

"अर्जात दोन समुद्रांचं लिहिलंय तुम्ही. दाखवा बघू."

मास्तरांनी तांब्या घेतला. ओतू नये हे त्यांना कळत होतं, पण ओतण्यावाचून दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. पाणी गुळगुळीत उतारावरून सगळंच्या सगळं एका अंगाला वाहिलं. कमळ विस्कटलं आणि पांढरा ओघळ साहेबांच्या बुटाशी जाऊन थांबला.

"पैनगंगा कुठे गेली?" साहेब म्हणाले. पोरं हसली. "आणि हे सारवलं कोणी?"

गोजरबाई दाराशी उभी होती. कोपरापर्यंत शेण, डोक्यावर पदर. आता आपलं नाव निघणार म्हणून तिनं पदर सारखा केला. गेल्या वर्षी वर्गात कोंबडी शिरली, तेव्हा याच साहेबांनी पाणक्याला दुपारच्या आत कामावरून काढलं होतं.

"मीच सारवून घेतलं, साहेब," मास्तर म्हणाले.

शेरेबुकात शेरा पडला: 'भूगोलाचे साधन निरुपयोगी. साधनाचा हेतू शिक्षकाच्याच ध्यानात नाही. शिफारस करता येत नाही.'

घरी पुष्पाबाईंनी विचारलं, "काऊन सांगितलं नाही बाईचं नाव?"

"सांगून पैनगंगा परत येनार होती का?"

"तुमचं नाव तं लागलं असतं."

"अन् तिचं कटलं असतं."

पुष्पाबाईंनी पेटीतले धोतरजोडे काढून पुन्हा खुंटीवर टाकले. धुतलेल्या कवड्या मास्तरांनी पेटीत ठेवल्या. मार्च आला आणि गेला. गोजरबाई मात्र पुढं प्रत्येक तपासणीला विचारायची, "त्या साहेबाले आवडलं होतं ना, मास्तर?" आणि मास्तर म्हणायचे, "हाव."

१९४६ साली शाळेवर हेडमास्तर म्हणून अनंत इंगळे आला. चोवीस वर्षांचा, ट्रेन्ड, सरळ स्वभावाचा. नॉर्मल स्कूलमध्ये त्याला मातीचे नकाशे करायला शिकवलं होतं. त्याच मागच्या पडवीत त्यानं जिल्हा करायला घेतला. मास्तरांनी माती चाळून दिली, कवड्या आणून दिल्या.

"गुरुजी, यात गंमत काय आहे माहीत आहे? वरून पाणी ओतलं की—"

"ओतून दाखवा," मास्तर म्हणाले, आणि तांब्या भरून आणायला गेले.

तपासणीच्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर शाळेत आले. गोजरबाई टोपलं घेऊन पडवीच्या पायरीपर्यंत पोचलीच होती. बहात्तरीची, एका डोळ्यानं अधू. मास्तरांनी तिच्या हातातलं टोपलं घेतलं.

"इथं नको, गोजरबाई. यंदा साहेब माह्या घरी चहाले येनार हाय. माहा ओटा सारव."

"तुमच्या घरी? हे ब्येस झालं," ती म्हणाली आणि लगबगीनं वळली.

शाळेत सगळं ठीक झालं. पाण्याच्या दोन धारा झाल्या. साहेबांनी अनंतची पाठ थोपटली आणि ट्रेनिंगचा उपयोग असा दिसतो, असं नीळकंठ मास्तरांकडे पाहून सांगितलं. मास्तर "होय साहेब" म्हणाले. तीन वाजता साहेबांची मोटार सडकेला लागली.

मास्तर घरी आले तेव्हा ओटा वाळला होता. कडेनं रांगोळी होती. कमळ तेच, आता हात कापत असल्यानं एक पाकळी वाकडी. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून गोजरबाई दिवसभर पायरीवर बसून होती.

"आले नाही साहेब?"

"घाईत होते."

"ओटा तरी पाह्यला असता," ती म्हणाली.

पुष्पाबाई दारात आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि साहेबांसाठी म्हणून काढलेली कपबशी चहानं भरून गोजरबाईच्या हातात दिली.