मुका मार

बत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातला एक धडा मी दरवर्षी उरकत आलो. धावती एसटी एकदम थांबली तर प्रवासी पुढे का फेकले जातात? गाडी थांबते, पण प्रवाशांचं शरीर जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जात राहतं. पोरं पाठ करून यायची, मी लाल शाईने बरोबरची खूण करायचो आणि घाईने पान उलटायचो. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "गुरुजी, हा धडा तुम्ही फार पळवता." मी म्हणालो, सोपा आहे ना. खोटं बोललो. तो धडा खरा काय आहे ते मला माझ्या थोरल्या बहिणीने शिकवलं, आणि त्यासाठी तिला मरावं लागलं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. जामखेड तालुक्यातलं आमचं गाव, आणि मी तालुक्याच्या शाळेत नवाकोरा मास्तर. रोज सायकलने जायचो-यायचो. गावातला पहिला बी.एस्सी. मीच, त्यामुळे अंगात शहाणपण जरा जास्तच होतं. वांझ म्हशीपासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत लोक मला विचारायचे आणि मी सांगायचो. माहीत नाही, असं म्हणायची सवयच नव्हती. आई मी लहान असताना गेली. आक्काने मला वाढवलं. तिचं सासर गावातच, दोन आळ्या सोडून, आणि तिला मूलबाळ झालं नाही, म्हणून लग्नानंतरही माझी भाकरी तिच्याच चुलीवर व्हायची.

त्या साली विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि सगळा गाव पाझर तलावाच्या कामावर होता. पुरुषांनी खोदायचं, बायांनी घमेल्याने माती वाहायची. आक्का आणि दाजी दोघंही जायचे. घमेली सरकारी, एकसारखी, आणि निम्म्यांना तळाला भोकं पडलेली. गळक्या घमेल्यातून दिवसभर माती डोक्यावर, डोळ्यांत सांडायची. म्हणून सकाळी चांगल्या घमेल्यावरून बायांची झोंबाझोंबी व्हायची, आणि एकदा भोक नसलेलं घमेलं हाती लागलं की बाई ते संध्याकाळी जमा न करता घरी घेऊन यायची. मुकादम काणाडोळा करायचा. आक्काचं घमेलं तसलं होतं. काठाला तिने जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधली होती. जाता-येता ते दोन्ही हातांनी पोटाशी धरायची. मी चेष्टा करायचो, "आक्का, पाळण्यात घालून झोपव त्याला." ती म्हणायची, "तुझ्या डोळ्यात माती जात न्हाई, तुला काय कळायचं?"

कामावरून दगड टाकून रिकामा परतणारा ट्रक संध्याकाळी गावाकडच्या बायांना घेऊन यायचा. सगळ्या हौद्यात उभ्या. आक्का नेहमी पुढे, केबिनच्या पाठीशी, कारण तिथे धूळ कमी लागते. त्या दिवशी वेशीजवळच्या वळणावर रस्त्यात एक गाय उभी होती. गुरांच्या छावणीकडे नेताना मागे राहिलेली, नुसता सापळा, हलायचं त्राण नव्हतं तिच्यात. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. गाय वाचली. हौद्यातल्या बाया एकमेकींवर कोसळल्या.

मी शाळेतून येत होतो. आरडाओरडा ऐकला आणि सायकल टाकून पळालो. पोचलो तेव्हा ड्रायव्हरला खाली ओढलेलं होतं. मागून चालत आलेली पुरुषमाणसं त्याच्याभोवती जमली होती, आणि सगळ्यांत पुढे आमचे दाजी, हातात उगारलेलं फावडं. एका बाईचं कपाळ फुटून रक्ताने सगळा चेहरा माखला होता. तिला बघून लोक पिसाळले होते. आक्का बाजूला दगडावर बसली होती, घमेलं पायाशी. तिला कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

मी मध्ये पडलो. दाजींचा हात धरला. "दाजी, थांबा! त्याचा काही दोष नाही." मग मला काय सुचलं कोण जाणे. मी आक्काचं घमेलं उचललं, त्यात एक गोल खडा टाकला, ते रस्त्यावर जोरात सरकवलं आणि पायाने अडवलं. खडा तळावरून पुढे धावला आणि समोरच्या पत्र्यावर खणकन आपटला. "हे बघा," मी शाळेतल्या भाषेत म्हणालो, "घमेलं थांबलं, खडा थांबला नाही. याला जडत्व म्हणतात. ब्रेक दाबला नसता तर गाडी गाईवर गेली असती, उलटलीही असती." लोकांनी पुन्हा करून दाखवायला लावलं. मी पुन्हा करून दाखवलं. राग उतरला. कोणीतरी म्हणालं, "गाय वाचवली बिचाऱ्यानं, पुन्य केलं." दाजींनी फावडं खाली घेतलं. आणि आक्का दगडावरून शेजारणीला म्हणाली, "माझा भाऊ लई शिकलाय." आवाज जरा दबका वाटला मला, पण मी माझ्याच कौतुकात होतो.

ड्रायव्हर मात्र माझ्यापेक्षा शहाणा निघाला. तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, गाडी रिकामीच हाय. या बाईला आन् दगडावर बसलेल्या ताईंना नगरला सिव्हिलात नेऊन दावतो. आत्ता निघालो तर येळंत पोचू."

कपाळ फुटलेल्या बाईचं रक्त तोवर हळद दाबून थांबवलं होतं. ती म्हणाली, मी न्हाई जायची. आक्काला मी विचारलं, "कुठे लागलं?"

"कुटं काय न्हाई. डावा खांदा तेवढा दुखतोय."

मी खांदा चाचपला. हाड शाबूत होतं, हात वर होत होता. रक्त नाही, सूज नाही. मी निदान केलं, "मुका मार आहे. आंबेहळद लावली की उतरेल." ड्रायव्हरने पुन्हा विचारलं, "बगा मास्तर, नेतो मी." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "जा तू बिनघोर." तो माझ्या पायाला हात लावून गेला. लोक म्हणाले, जिवावरचं शेपटावर निभावलं. रिकामा ट्रक धूळ उडवत गेला, आणि तो जाताना मी उभा राहून बघितला.

आमच्याकडे दुखण्याची किंमत रक्तावरून ठरते. वाहतंय तर पळापळ, वाहत नाही तर मुका मार, आणि मुक्या माराला आंबेहळद, शेक आणि गूळ-हळदीचं गरम पाणी. पिढ्यान् पिढ्या हेच. निरक्षर माणसांनी हे मानलं तर मी समजू शकतो. मी पदवीधर होतो. सहाणेवर आंबेहळद मी स्वतः उगाळली आणि तिच्या खांद्यावर लेप दिला. ती सारखी पाणी मागत होती. दिवसभर उन्हात होती, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. पाणी देणारा मीच होतो. भाकरी तिने नको म्हटली. "मळमळतंय," म्हणाली, "तू खा."

सकाळी चूल पेटवायला ती उठली आणि तिथेच बसली. ओठ पांढरे पडले होते. हाताला हात लावला तर गार, घामाने ओला. पोट फुगून घट्ट झालं होतं. तिने लुगडं जरा सारलं तेव्हा डाव्या बरगडीखाली मला घमेल्याच्या काठाची निळी कमान दिसली. ती आदल्या दिवशी मी बघितली नव्हती, कारण मी विचारलंच नव्हतं, आणि बहीण भावाला पोट कशाला दाखवेल? खांदा दुखतोय म्हणाली, मी खांदा बघितला.

सकाळच्या एसटीत मागच्या लांब बाकावर तिला आडवं केलं. डोकं माझ्या मांडीवर, पाय दाजींच्या. एसटी दर फाट्यावर थांबायची. ब्रेक लागला की तिचं शरीर पुढे सरकायचं, मी दोन्ही हातांनी धरून ठेवायचो, आणि ती डोळे घट्ट मिटायची. ओरडली एकदाही नाही. भिंगारपाशी लष्कराच्या गाड्यांची रांग जाईपर्यंत एसटी उभी राहिली. तिने विचारलं, "आलं का रं नगर?" मी म्हणालो, आलंच. त्यानंतर ती काही बोलली नाही. दवाखान्यात तिला आत नेलं तेव्हा श्वास चालू होता. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले, आणि दाजींकडे न बघता त्यांनी मला एकट्याला खोलीत बोलावलं. माझ्या खिशाला पेन होतं म्हणून असेल.

पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती, ते म्हणाले. बरगडीखाली डावीकडे असते, रक्ताने भरलेली, मऊ. पोटात रक्त साठत जातं आणि वर छातीखालच्या पडद्याला लागलं की दुखतो खांदा. खांद्याला काहीही झालेलं नसतं. मी विचारलं, पण एवढी आदळली कशी? बाकीच्याही त्याच ट्रकमध्ये होत्या. त्यांनी विचारलं, हातात काही होतं का? मी घमेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बाकीच्यांनी हात पुढे केले असतील. हात वाकतात, गुडघे वाकतात, माणूस हळूहळू थांबतो. यांचे हात अडकलेले. सगळा वेग त्या काठावर थांबला. आणि माणूस थांबला तरी आतले अवयव थांबत नाहीत. ते पुढे जाऊन आपटतात."

घमेलं थांबलं, खडा थांबला नाही. हे मी भर रस्त्यात, तिच्याच घमेल्याने, तिच्या डोळ्यांदेखत दोनदा करून दाखवलं होतं, आणि तेव्हा तिच्या पोटात रक्त साठायला लागलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जडत्वाचा नियम मला ट्रकला लावता आला, गाईला लावता आला. माझ्या बहिणीच्या आतही काही आहे, हे मला सुचलं नाही.

मी डॉक्टरांना एकच विचारलं, काल संध्याकाळी आणलं असतं तर? ते म्हणाले, "काल आणायला हवं होतं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो झटकून टाकावासा वाटला.

हे मी कोणाला सांगितलं नाही. गावात म्हटलं, आतून मार लागला होता, कळायला मार्ग नव्हता. लोकांनी मान्य केलं. उलट, मास्तर होते म्हणून परवा एका गरिबाचा जीव वाचला, असं तेराव्याच्या पंगतीत बोललं गेलं. पुढे पाऊस झाला, विहिरी भरल्या, लोक हसायला-खेळायला लागले. मला त्या पावसाचाही राग आला. शाळेत रोज गेलो, शिकवलं, पगार घेतला. माझ्या आत काही बरं झालं नाही, आणि होऊ नये असंच मला वाटत आलं.

दोन-तीन वर्षांनी एका दुपारी दाजींकडे गेलो होतो. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. स्वतः थापलेल्या जाड भाकऱ्या माझ्यापुढे ठेवल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मास्तर, एक इचारू? रागावू नका. त्या दिवशी म्या फावडं उगारलं, त्या भांडनात येळ गेला. तसं न करता तिला लगी त्याच टरकात घालून नगरला नेली असती, तर वाचली असती का वो?"

मी त्यांच्याकडे बघितलं. माणूस निम्मा झाला होता. इतकी वर्षं हा माणूस स्वतःला खुनी समजत होता आणि मी समोर बसून त्याच्या भाकऱ्या खात होतो. आता खरं सांगायचं तर माझं नाव सांगावं लागणार होतं.

"नाही दाजी," मी म्हणालो. "काही उपयोग झाला नसता."

"तुमी डाक्टरला इचारलं हुतं?"

"विचारलं होतं."

त्यांनी डोळे पुसले. "मंग बरं," म्हणाले. "तुमी सांगताय म्हंजी खरंच आसल." आणि त्यांनी आणखी एक भाकरी माझ्या ताटात वाढली.