अंगणातल्या मोहफुलांचा निबंध

शेजारची मावशी गेली, म्हणून हे आता लिहिता येतं. ती असताना लिहिलं असतं तर मायनं मला दारात उभं केलं नसतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी घुग्घुसजवळच्या एका सिमेंट कारखान्यात इंजिनिअर होते. कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या गावातून एवढं शिकलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे घरच्यांना वाटे, आपलं घोडं गंगेत न्हालं. पण इकडे कारखान्यात माझ्या मागून आलेली मुलं मॅनेजमेंटची पदवी घेऊन येत आणि माझेच साहेब होऊन बसत. मलाही ती पदवी हवी होती. हवी होती म्हणजे अगदी जीव टाकून हवी होती. प्रवेश परीक्षेत गुण चांगले पडले होते. पुढच्या वर्षी कारखाना मला गुजरातेत धाडणार होता, तेव्हा काय व्हायचं ते याच वर्षी.

अडलं ते निबंधापाशी. अर्जात विचारलं होतं, ‘आमच्या वर्गाला तुम्ही काय द्याल? आजवर इतरांसाठी काय केलंत, ते एखाद्या प्रसंगातून सांगा.’

मी भट्टी बंद पडली तेव्हाची हकिगत लिहिली. आमच्या विभागातले नागपूरचे एक साहेब स्वतः अशा कॉलेजातून शिकून आले होते. त्यांनी ती वाचून कागद माझ्याकडे सरकवला.

“हे यंत्राचं झालं. तुझं काय? अगं, तू जंगलातल्या गावची. तुझ्याजवळ सांगायला काहीतरी असेलच. इथं आपली पाठ आपणच थोपटायची असते. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं.”

सांगायला होतं. मी अकरावीत असतानाचं. चैत्रात शाळेला सुट्टी लागली, मी घरी आले, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या मावशीला हिवताप चढला. तिचा नवरा आधीच वारलेला, पोरगी लहान. आमच्याकडे जंगलातली मोहाची झाडं घराघरांची ठरलेली असतात. मोहफुलं पहाटे पडतात. उन्हं वर यायच्या आत वेचली नाहीत, तर गुरं आणि हरणं खाऊन जातात. मावशीच्या झाडांखाली फुलांचा नुसता सडा पडायचा, आणि ती आत गोधडीत कुडकुडत पडलेली. मग मी गल्लीतल्या पोरी गोळा केल्या. कुणी कुठलं झाड वेचायचं, अस्वलाची चाहूल कुणी घ्यायची, सगळं ठरवून दिलं. ती उठायच्या आत टोपली तिच्या अंगणात ओतून आम्ही पसार व्हायचो. तिला बरं वाटेपर्यंत हे चाललं.

हे मी इंग्रजीत लिहिलं. नेतृत्व, नियोजन, सगळं त्यात आपोआप आलं. साहेब वाचून खूष झाले. “आता कोण नाही म्हणतो बघू,” म्हणाले. मलाही त्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

अर्ज धाडायच्या आधी दोन दिवस सुट्टी काढून गावी गेले. चंद्रपूरहून एसटीनं ब्रह्मपुरी, वडसा, तिथून पुढे. माय ओसरीत चारोळ्या फोडत बसली होती. माझ्या हातातले कागद बघून तिनं विचारलं, “काय लिहून राह्यली?”

मी कौतुकानं एकेक वाक्य तिला आपल्या बोलीत सांगायला लागले. मावशीच्या तापापर्यंत आले, आणि मायचा हात थांबला. ती उठली, कुडाच्या फटीतून शेजारच्या अंगणात पाहून आली आणि दार लावून घेतलं. भरदुपारी आमच्याकडे कुणी दार लावत नाही.

“तू केलं म्हनून लिवलं?”

“मावशीचं नाव नाई घेतलं, माय.”

“तुहं घेतलं ना?”

आमच्या गावात ही रीत आहे. एखाद्या घरचं माणूस जंगलात जाऊ शकत नसलं, तर त्याची फुलं दुसरं कुणीतरी वेचून त्याच्या अंगणात टाकतं. कुणी टाकली हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. गावातल्या सगळ्यांसारखंच मीही ते पाळलं होतं. पण ते गावापुरतं, असं मी धरून चालले होते. पाचशे कोस दूरच्या शहरात, इंग्रजीत सांगितलं, तर कुणाचं काय बिघडतं?

“तिथं कोन वाचनार आहे?” मी चिडूनच म्हणाले. “मावशीले इंग्रजी येते का? आन् हे नाई लिवलं तर मले घेनार नाईत ते.”

माय दाराला पाठ लावून उभी राहिली. मग म्हणाली, “तुहा बाप झाडावरून पडला, आठवते? तू सातवीत होती.”

आठवत होतं. बाबांची कंबर गेली होती आणि माय त्यांच्या उशाशी. तरी त्या चैत्रात आमचं अंगण मोहफुलांनी भरलेलं होतं. ती वाळवून विकली आणि मी वसतिगृहात गेले.

“कोनं टाकली होती?” मायनं विचारलं.

“मले काय ठावं?”

“मलेबी नाई ठावं. म्हनून तू मान वर करून शिकली. नाईतर कोनाकोनाच्या दारापुढं वाकून चालली असती.”

मला रडू आलं, आणि मायचा रागही आला. तिचं पटलं म्हणूनच जास्त आला. स्वतःची रीत सांभाळून ती पुन्हा चारोळ्या फोडायला बसली. दार बंद होणार होतं ते माझं.

घुग्घुसला परतल्यावर मी तो प्रसंग काढून टाकला आणि भट्टीचीच हकिगत धाडली. साहेबांनी कपाळावर हात मारला. तरी परीक्षेतल्या गुणांच्या बळावर मुलाखतीचं बोलावणं आलं.

समोर तिघं होते. त्यातल्या बाई समजूतदार होत्या. त्यांना खरोखरच मला मदत करायची होती. “तुम्ही अशा भागातून इथवर आलात,” त्या म्हणाल्या. “गावातल्या कुणासाठी कधी काहीतरी केलं असेलच ना?”

फुलांचा तो उग्र गोड वास माझ्या नाकात भरला. जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं.

“सांगण्यासारखं काही नाही,” मी म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. शेजारच्या गृहस्थांनी पान उलटलं. त्या पान उलटण्यावरून मी पुढे कित्येक महिने मनातल्या मनात भांडत होते. तुम्ही असं विचारता तरी कसं? आणि मी तरी कुठल्या गावची राजकन्या, की संधी पायानं लोटावी? माझी निवड झाली नाही.

गुजरातेत जाण्याआधी घरी गेले तेव्हा चैत्रच होता. माय जंगलात गेली होती. मी ओसरीत तोंड पाडून बसलेली. मावशी कुडापलीकडून आली आणि माझ्या पुढ्यात मोहफुलांच्या भाकरीचा तुकडा ठेवून बसली.

“काऊन वं, एवढी सुकली?”

“काई नाई, मावशी.”

ती कुडाच्या फटीतून आपल्या अंगणात वाळत घातलेल्या फुलांकडे पाहत राहिली. मग एकदम हसली.

“त्या सालची गोष्ट सांगू? मले हिवताप आला होता. रोज सकाळी अंगनात फुलं. कोन टाकते, आजवर कळलं नाई. आता सांग, या गावात मी कोनाशी भांडू? ज्याच्याशी भांडावं म्हनते, वाटते, यानंच टाकली असन तर?”

मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि खाली मान घालून चावत राहिले.