तीन ठिपके

जेवताना टीव्ही लावायचा नाही, असं मी यांना हजारदा सांगितलंय. ऐकतील तर शपथ! त्या रविवारीही भात कालवता कालवता यांची नजर बातम्यांवर. कुठल्याशा लांबच्या समुद्रात एका टोळीनं मालाच्या जहाजावर ड्रोन सोडलं होतं. त्या टोळीला ना देश, ना सरकार. आमच्या चामराजपेटेत गणपतीचा मांडव घालायचा तरी दहा परवानग्या लागतात. हे लोक मात्र कुणाला न विचारता अख्खा समुद्र अडवून बसले होते, आणि मोठमोठी सरकारं त्यांच्याशी बोलणी करत होती.

मग मोडलेल्या ड्रोनचे तुकडे जवळून दाखवले. यांचा हात ताटातच थांबला. दोन नळ्या जोडणारं बोटाएवढं पितळी कपलिंग, आणि त्याच्या कडेला पंचनं मारलेले तीन ठिपके.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मालाची तपासणी मी करते. पास झालेल्या प्रत्येक नगावर तीन ठिपके मारायचे, ही मामंजींची शिस्त. परत आलेला माल आपला की दुसऱ्याचा, हे कळावं म्हणून. म्हणजे ते ठिपके माझ्या हातचे.

“ठिपके काय, कुणीही मारतं,” हे म्हणाले, पण जेवण तसंच टाकून उठले. एका दलालानं शेतातल्या फवारणीच्या पंपांसाठी म्हणून ही कपलिंगं नेली होती. पुढे कुठे गेली, आम्ही विचारलं नव्हतं. कोण विचारतं हो? आता पोलिसांकडे जावं तर आपणच अडकू, असं यांचं म्हणणं. बेल वाजली की मी आधी खिडकीतून बघायची, दूधवाला असला तरी. त्या जहाजावरचं कुणी गेलं का, हे बातमीत सांगितलं नव्हतं, आणि शोधायची माझी हिंमत नव्हती.

आठवडाभरात त्याच दलालाचा कारखान्यात फोन आला. यांनी स्पीकर लावला. माल फार छान होता म्हणे, आणखी हवा, दुप्पट.

“फक्त ते तीन ठिपके नकोत, अण्णा.”

इतकी वर्षं त्या ठिपक्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. यांचा चेहरा पांढराफटक पडला. घाबरले मीही होते, पण भीतीपेक्षा राग स्वल्प जास्त निघाला. मी फोनजवळ वाकले.

“ठिपक्यांशिवाय आमचा माल बाहेर पडत नाही.”

तो म्हणाला, “सरी, ठीक आहे, अक्का. पीण्यात लेथवाले काय कमी आहेत?”

त्याच दुपारी आम्ही पोलिसांत गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दलालाचा नंबर तोवर बंद झाला होता.

अजूनही बातम्यांत तसले तुकडे दाखवले की हे ताटावरून उठून टीव्हीपाशी जातात, निरखून बघतात. “नाहीत गं,” म्हणतात आणि सुटल्यासारखे परत जेवायला बसतात. मला घास उतरत नाही. आता मला ठिपके नसलेल्या तुकड्यांचीच जास्त भीती वाटते.